पेटीवरचा भंडारा

भिवराबाईची लेक धातूच्या कातडीचा अभ्यास करते. हे भिवराबाई ज्याला त्याला सांगते आणि मग ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघत राहते. देवगाव फाट्यावरच्या चहावाल्याला तिनं सांगितलं, वालूरच्या बाजारात बांगड्या भरणाऱ्या बाईला सांगितलं, एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या, दाढ धरून कण्हणाऱ्या माणसालाही सोडलं नाही. धातूला कुठून आली कातडी, असं कुणी विचारलं की तिला मनापासून बरं वाटतं. मग ती पदर खोचून सरसावते. दुधावर साय धरते का न्हाई, तशी लोखंडा-तांब्यावर हवेची साय धरते. आपल्याला ती दिसत नाही, आमच्या बबीला दिसते. बबितालाही ती नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, त्यासाठी खोलीएवढाली यंत्रं लागतात, एवढं मात्र भिवराबाई सांगायचं गाळते. बाकी बरंचसं बरोबर आहे.

भिवराबाई स्वतः शाळेची पायरी चढली नाही. तिचा जन्म मेंढरांमागं गेला. घर वालूरजवळ आहे, पण ते पावसाळ्यापुरतं. दसरा झाला की नवरा धोंडीबा घोड्यावर बिऱ्हाड लादतो आणि वाडा निघतो. धनगराचा वाडा म्हणजे दगडामातीचा नव्हे. मेंढरं, जाळी, घोडं, कुत्री, डालग्यातल्या कोंबड्या आणि तीन दगडांची चूल मिळून जे रानोमाळ चालतं, तो वाडा. पीक निघालेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात, कारण लेंडीखताची सर दुसऱ्या कशाला नाही. त्या बदल्यात धान्य मिळतं, आणि चार दिवसांनी वाडा पुढच्या रानात जातो.

बबिता अशाच एका मुक्कामावर, मानवतजवळच्या कापसाच्या रानात जन्मली. चालायच्या आधी ती घोड्यावर बसायला शिकली, कारण तिला अंथरुणाच्या वळकटीत, कोंबड्यांच्या शेजारी बांधूनच ठेवायचे. थोरला मल्हार लहानपणापासून मेंढरांत रमला. ही पोरगी मात्र दिसेल त्या पाटीवरची अक्षरं बोटानं हवेत गिरवायची. एक तरी लेकरू शिकावं, असं धोंडीबाच्या मनानं घेतलं आणि एका जूनमध्ये त्यानं तिला मानवतच्या वसतिगृहात नेऊन घातलं. भिवराबाईला हे कबूल नव्हतं. तिनं चूल पेटवायची सोडली, धोंडीबा फुटाणे खाऊन राहिला, पण त्याचा बेत काही फिरला नाही.

कोकरू चुकून दुसऱ्या कळपात गेलं, तर मेंढी रानभर ओरडत फिरते आणि तिला कुणी गप्प बस म्हणत नाही. माणसाच्या आईला ती सोय नाही. भिवराबाई चारचौघांत गप्प राहिली आणि आतल्या आत ओरडत राहिली.

त्या वर्षापासून वाड्याची वाटच बदलली. मानवतकडचं गवत चांगलं, मानवतकडचे शेतकरी दिलदार, तिकडच्या विहिरींना पाणी टिकतं, असा एकेक शोध भिवराबाईला लागायला लागला. धोंडीबाला सगळं कळत होतं. तो जाता-येता कुरकुर करायचा आणि कळप तिकडंच वळवायचा. रविवारी भिवराबाई वसतिगृहाच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. बबिता धावत यायची, गळ्यात पडायची. तिच्या अंगाला आता मेंढराचा वास येत नसे, साबणाचा येई.

परीक्षेच्या आधी ती आठवणीनं भंडारा घेऊन जायची. धनगराच्या घरात नव्या गोष्टीला आधी खंडोबाचा भंडारा लागतो. नवं कोकरू असो, नवी कातर असो, मल्हारनं आणलेली मोटरसायकल असो, चिमूटभर हळद कपाळाला लागल्याशिवाय ती आपली होत नाही. मोटरसायकलचं कपाळ कुठलं यावरून बापलेकांत वाद झाला होता. शेवटी भिवराबाईनं दिव्याच्या काचेवर पिवळं बोट ओढलं आणि वाद मिटवला. बबिताच्या तर प्रत्येक परीक्षेला तिनं बोट लावलं. पोरगी पास होत गेली, आणि पास होत गेली म्हणून लांब लांब जात गेली. आधी परभणी, मग औरंगाबाद, मग पुणे. वाडा परभणीपर्यंत कसाबसा वळवता आला. पुण्याकडं वळवायची गोष्ट भिवराबाईनं एकदा काढून बघितली, तेव्हा धोंडीबानं तिच्याकडं नुसतं बघितलं.

पुण्यात एका मोठ्या संस्थेत बबिताचं संशोधन सुरू झालं. काही धातू इतके थंड करतात की त्यांच्यातून वीज बिनबोभाट धावते, कुठं अडत नाही, कुठं तापत नाही. अशा धातूला अतिसंवाहक म्हणतात. त्याच्या केसाहून बारीक पट्ट्यांवर उद्याचे संगणक उभे करायची खटपट जगभर चालू आहे. पण त्या पट्टीच्या वरच्या थरात, म्हणजे भिवराबाईच्या सायीत, जरा कुठं गडबड असली की सगळं बिनसतं. ती गडबड शोधायची, साय काढायची आणि पुन्हा धरू द्यायची नाही, हे बबिताचं काम. सुट्टीत वाड्यावर आली की ती चुलीपुढं बसून आईला हे समजावून सांगायची. अशा धातूच्या कड्यात वीज एकदा फिरायला लागली की मागून ढकलावी लागत नाही, ती न दमता फिरतच राहते, असं तिनं एकदा सांगितलं.

भाकरी थापता थापता भिवराबाई थांबली. "मंग ती घरी कधी येते?" तिनं विचारलं.

बबिता खूप हसली. भिवराबाईनं मात्र थट्टेनं विचारलं नव्हतं.

आता मेंढरांची गोष्ट यात कुठून आली, ते सांगायला हवं. बबिता शाळेत असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत वाड्यावर असताना, कळपाला किराळ लागली होती. कापलेल्या ज्वारीच्या धसकटाला अवकाळी पावसानं कोवळे फुटवे येतात. दिसायला ते इतके गोड हिरवे असतात, की मेंढरू धावतच जातं. पण त्या कोवळ्या पानात कधी कधी विष असतं. त्या दिवशी मल्हारचं जरा लक्ष चुकलं आणि कळपाचं एक टोक फुटव्यांत शिरलं. बघता बघता मेंढरं धापा टाकायला लागली, तोंडाला फेस आला, आणि गुळाचं पाणी पाजेस्तोवर कित्येक आडवी झाली. त्यात बबितानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली तांबडी मेंढी होती. बबितानं बापाला विचारलं, विष कोणत्या पानात आहे ते आधी का कळत नाही? धोंडीबा म्हणाला, खाल्ल्यावर कळतं. हे उत्तर पोरगीनं मनात धरून ठेवलं.

पुण्यात तिला उमगलं, की ज्वारीचं कोवळं पान चावलं किंवा चुरडलं की त्यातून एक विषारी वायू निघतो, आणि तो वायू नेमका धरून ठेवील असा धातूचा थर बनवता येतो. अतिसंवाहक पट्ट्यांवर जो हात बसला होता, तोच इथं कामी आला. तिच्या मार्गदर्शक रोहिणी मॅडमनी परवानगी दिली आणि मूळ कामाच्या जोडीनं बबितानं सेन्सर बनवायला घेतला. तळहाताएवढी पेटी, वर बारीक जाळीची खिडकी, खिडकीखाली नखाएवढी चकती. पिशवीत पानं चुरडायची, पेटी तिच्या तोंडाशी धरायची. विष असलं की तांबडा दिवा, नसलं की हिरवा.

परभणीच्या विद्यापीठातल्या साहेबांना ही कल्पना आवडली. रानात चाचणी दाखवा, जमली तर इथंच काही वर्षांचा प्रकल्प देऊ, असं त्यांनी कळवलं. बबितानं हे फोनवर आईला सांगितलं, आणि त्या दिवसापासून भिवराबाईचा पाय जमिनीवर ठरेना. तिनं परभणीत बबितासाठी खोलीसुद्धा मनातल्या मनात बघून ठेवली. खोलीच्या खिडकीशी तुळस होती. संध्याकाळी काम आटोपून बबी स्कूटीवर वाड्याकडं यायची, भाकरी खायची, कधी मुक्कामाला राहायची. कोणत्या महिन्यात वाडा कोणत्या शिवारात बसला म्हणजे तिला यायला सोपं पडेल, याचा हिशेबही तिनं लावला होता. धोंडीबाला ती यातलं काही बोलली नाही. इतकी वर्षं उराशी धरलेली गोष्ट अशी हाताशी आलेली बघून, बोललं तर दृष्ट लागेल, असं तिला वाटत होतं.

गेल्या वर्षी मार्चात बबिता तीन पेट्या घेऊन आली. वाडा तेव्हा देवगाव फाट्याजवळ बन्सीधरच्या रानात बसला होता. बन्सीधर हा जुना ओळखीचा शेतकरी. त्याच्या ज्वारीच्या धसकटाला दोन पाऊस पडून भरपूर फुटवे आले होते आणि चाचणीसाठी त्यानं तो तुकडा आनंदानं मोकळा ठेवला होता. तिथली पानं विषारी आहेत हे प्रयोगशाळेत आधीच तपासून झालं होतं. आदल्या दिवशी बबितानं तिन्ही पेट्या लावून बघितल्या. तिन्हींचे दिवे तांबडे झाले. मल्हारनं शिट्टी मारली, आणि धोंडीबा, जो सहसा कशानंच हलत नाही, तो पेटी पुन्हा पुन्हा बघत राहिला.

बबिता सगळ्यांना एकच गोष्ट बजावत होती. पेटीच्या खिडकीला हात लावायचा नाही. हाताला कितीही धुतलं तरी तेल असतं, त्या तेलाचा ठसा चकतीवर बसला की चकती आंधळी होते. रोहिणी मॅडमच्या प्रयोगशाळेत तर अंगभर पांढरा पोशाख घालून, डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी बांधून आत जावं लागतं. भिवराबाईनं हे नीट ऐकून घेतलं. ऐकलं नाही असं तिला कुणी म्हणू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या गाडीला वाट दाखवायला बबिता मल्हारच्या मागं मोटरसायकलवर बसून फाट्यावर गेली. धोंडीबा घोड्याला पाणी दाखवायला गेला होता. पेट्या घोंगडीवर ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. भिवराबाई त्यांच्यापुढं बसली. एवढी मोठी गोष्ट आज या पेट्यांवर अवलंबून आहे आणि त्यांना अजून भंडारा लागलेला नाही, हे तिच्या ध्यानात आलं. लेकीच्या शाळेतल्या साध्या परीक्षेलाही जे चुकवलं नाही, ते आज कसं चुकवायचं? तिनं साबणानं हात धुतले, पदराला पुसले. हात लावायचा नाही हे तिला पक्कं आठवत होतं, म्हणून तिनं हात लावला नाही. पिशवीतून चिमूट घेतली, बोटं उंच धरली आणि प्रत्येक पेटीच्या खिडकीवर वरूनच अलगद भंडारा सोडला. बोट कुठं टेकलं नाही. देवा, माझ्या लेकीला माझ्याजवळ आण, एवढंच ती म्हणाली. वारा नव्हता. हळद जाळीतून आत गेली आणि वर जे कण राहिले ते तिनं फुंकून टाकले, साहेबांना पेट्या स्वच्छ दिसाव्यात म्हणून.

साहेब आले. दोघं होते, बरोबर पुण्याहून रोहिणी मॅडम होत्या. बबितानं फुटवे तोडले, पिशवीत चुरडले आणि पहिली पेटी धरली. दिवा हिरवा राहिला. बबितानं जरा थांबून पुन्हा धरली. हिरवाच. दुसरी पेटी हिरवी, तिसरी हिरवी. एका साहेबांनी सौम्यपणे विचारलं, की हीच ना ती विषारी पानं? मेंढपाळाला ही पेटी दिली असती तर त्यानं या हिरव्या दिव्यावर विसंबून सगळा कळप आत घातला असता, एवढं तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं.

बबितानं बारीक पेचकस काढून पेटीचं झाकण उघडलं. भिवराबाई चुलीपाशी उभी होती, पण तिची नजर लेकीच्या हातांवर होती. झाकण निघालं आणि आतली पिवळी धूळ तिला एवढ्या लांबूनही दिसली. सकाळच्या दवानं ओलसर होऊन ती चकतीला चिकटली होती. बबितानं ती बघितली. मग तिनं झाकण पुन्हा लावलं, मॅडमकडं वळली आणि म्हणाली, की चूक माझीच आहे, झाकणं नीट बसवायची राहिली, आत धूळ गेली. चुलीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

धूळ पुसून पुन्हा दाखवता येणार नाही का, असं साहेबांनी विचारलं. चकती पुसता येत नाही, नवी बनवायला महिने लागतात, हे मॅडमनीच सांगितलं. आणि पुढं त्या जे बोलल्या त्यात राग नव्हता. रानात धूळ असणार, हळद असणार, चुलीचा धूर असणार. हे सोसणारा थर बनत नाही तोवर ही पेटी रानात आणण्यात अर्थ नाही, आणि तसा थर बनवायचं शिक्षण बबिताला परदेशातच मिळेल. साहेबांनी मान हलवली. चहा पिऊन सगळे गेले. परभणीचा प्रकल्प तिथंच संपला. बबिताला आधीच स्वीडनमधल्या एका प्रयोगशाळेतून बोलावणं आलेलं होतं, हे भिवराबाईला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

ऑगस्टमध्ये बबिता गेली.

भिवराबाई पेट्यांबद्दल लेकीशी एक शब्द बोलली नाही. बबितानंही विषय काढला नाही. मायलेकींनी ते असं सांभाळून ठेवलं, की धोंडीबाला आणि मल्हारला शेवटपर्यंत धुळीचीच गोष्ट खरी वाटली. पण भिवराबाईच्या मनात त्या पेटीचं झाकण उघडत राहिलं. मेंढरं हाकताना, पाणी शेंदताना, भाकरी भाजताना तिला वाटे, एवढी चिमूट हातात घेतली नसती तर आज बबी परभणीत असती. खिडकीतल्या तुळशीला पाणी घातलं असतं तिनं. देवाला लेक जवळ आण म्हणून सांगितलं आणि आपल्याच हातानं तिला समुद्रापार लोटलं. त्या वर्षी जन्मलेल्या कोकरांना तिनं भंडारा लावला नाही. धोंडीबानं कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, हात दुखायलाय. त्यानं स्वतः लावला आणि पुन्हा विचारलं नाही.

आणि तरी, हेही सांगायला हवं, त्या दुःखाला धरून ती एक प्रकारे जगत होती. कारण त्यात एक बबिता होती, जी परत यायला निघाली होती. साहेबांनी हो म्हटलं असतं तर ती आलीच असती. आईजवळ राहायचं तिच्या मनात होतं, फक्त आईच्या हातून घोटाळा झाला. रोज स्वतःला बोल लावताना भिवराबाई रोज त्या बबिताला जवळ घेत होती. लांब राहणाऱ्या लेकीची जितकी आठवण येई, त्याहून जास्त या न आलेल्या लेकीची येई. हे तिला तेव्हा कळलं नव्हतं.

दिवाळी झाली, वाडा पुन्हा बन्सीधरच्या शिवाराकडं सरकला. पौषातल्या एका दुपारी बबिताचा फोन आला. मल्हारनं फोन आईच्या हातात दिला आणि तो मेंढरांकडं गेला. पडद्यावर बबिता होती, अंगात जाड स्वेटर, आणि तिच्या मागं एक मोठं यंत्र टांगलेलं होतं. सोन्याच्या रंगाच्या ताटांची उतरंड उलटी टांगावी तसं ते दिसत होतं. याच्या तळाशी जगातली सगळ्यात थंड जागा असते, तिथं मी माझ्या पट्ट्या ठेवते, असं बबितानं उत्साहानं सांगितलं. मग तिनं एक चकती दाखवली. तिच्यावर असा थर बसला होता, की हळद, धूर, तेल, काहीही पडलं तरी खालचा धातू शाबूत राहतो, आणि विषाचा वायू तेवढा आत जातो. पुढच्या वर्षी मॅडम त्याच्या पेट्या परभणीला पाठवणार होत्या. बोलता बोलता तिच्या तोंडून हळद हा शब्द गेला आणि ती थांबली.

भिवराबाईला वाटलं, आता नाही बोललं तर कधीच बोलणं होणार नाही.

"बबे," ती म्हणाली, "पेटीवर भंडारा म्या टाकला व्हता."

"मला म्हाईत हाय, माय."

"हात न्हाई लावला म्या. वरून टाकला."

"तेबी म्हाईत हाय. तू हात लावला नसशील." बबिता हसली, पण तिचे डोळे भरले होते.

मग भिवराबाईनं इतक्या महिन्यांचं सगळं ओतलं. परभणीची खोली, तुळस, स्कूटी, सगळं सांगितलं. माझ्यामुळं तुझं घरी यायचं राहिलं, माझ्यामुळं तुला परमुलखात जावं लागलं, देवानं मला कशी बुद्धी दिली, असं ती बोलत गेली. बबितानं तिला मध्येच थांबवलं. तिचा चेहरा बदलला होता. खूप दिवस अंगावर वागवलेली गोष्ट उतरवावी तशी ती सावकाश बोलली.

"माय, तुझ्यामुळं काई झालं न्हाई. मी पेट्या घेऊन आले ना, त्याच्या आधीच हितल्या लोकांना येते म्हणून कळवलं व्हतं. चाचणी जमली असती तरी मी गेलेच असते. परभणीचं काम दुसऱ्या कुणी बघितलं असतं."

भिवराबाईला आधी अर्थ लागला नाही. "मंग पेट्या कामून आणल्या?" तिनं विचारलं.

"मेंढरांसाठी आणल्या. आन् जायच्या आधी तुझ्याजवळ चार दिस ऱ्हावं म्हणून. तुला खरं सांगायचा धीर झाला न्हाई. मला हे काम करायचंय, माय. हे काम हितंच हाय."

पलीकडून कुणीतरी बबिताला हाक मारली. तिनं मागं वळून तिकडच्या भाषेत काहीतरी उत्तर दिलं, आणि ते देताना तिचा चेहरा जो उजळला, तो भिवराबाईनं बघितला. वसतिगृहाच्या फाटकाकडं धावत येणाऱ्या पोरीचा चेहरा असा उजळायचा. आता तो त्या सोनेरी यंत्राच्या खोलीत उजळत होता. यात लेकीचा काही गुन्हा नव्हता, हेही भिवराबाईला लख्ख कळत होतं. धोंडीबा मेंढरं सोडून कधी कुठं राहू शकला नाही, तसंच हे.

"थंडी लय असंल तिकडं," ती म्हणाली.

लय हाय, पण खोलीत ऊब असते, असं बबिता म्हणाली. मग तिनं जरा घाबरतच विचारलं, "रागावलीस का गं?"

"न्हाई," भिवराबाई म्हणाली. "बरं झालं सांगितलंस. जा, तुला बोलवायलेत."

फोन बंद झाला. मल्हार आला आणि फोन घेऊन गेला. धोंडीबानं लांबूनच विचारलं, की काय म्हणली बबी. बरी आहे म्हणली, असं भिवराबाईनं सांगितलं. धोंडीबाला तेवढं पुरलं आणि त्यानं कळप उठवला, कारण ऊन उतरायच्या आत मेंढरं पाण्यावर न्यायची होती.

भिवराबाई काठी घेऊन मागून निघाली. मार्चापासून उरावर बसलेलं ओझं उतरलं होतं, लेकीनंच ते आपल्या हातानं उतरवलं होतं, आणि तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटेना. परभणीची ती खोली आता कुठंच नव्हती, आणि तिच्यात राहणारी बबीही नव्हती. मागं राहिलेल्या दोन मेंढ्यांना तिनं हाक घालून पुढं घेतलं. चूक आपलीच असती तर किती बरं झालं असतं, असं तिला चालता चालता वाटत राहिलं.